वेबची घडण, भाग ८ : एक रकाना, पाच फॉर्म

भारतात पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची रचना केली ती केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. एकूण सहा आकडे, पहिला कधीच शून्य नाही. चारने सुरू होणारे पिन महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचे. नियम इतका सरळ, की तो तपासणारा रकाना नवशिका डेव्हलपरही बसल्या बैठकीत लिहील. अडचण पुढे येते. समजा, पुस्तकांचं एक ऑनलाइन दुकान आहे. तिथे हाच रकाना नोंदणीत लागतो, पत्त्यात लागतो, भेट पाठवताना, बिलात आणि पुस्तक परत करतानाही लागतो. तो पाच ठिकाणी कॉपी-पेस्ट झाला, की काही महिन्यांत त्याच्या पाच आवृत्त्या होतात. एक आवृत्ती आकड्यांमधली रिकामी जागा चालवून घेते, दुसरी घेत नाही. एकीत चूक लाल अक्षरांत दिसते, दुसरीत बटण नुसतंच दाबलं जात नाही आणि गिऱ्हाईक कारण शोधत बसतं.

गेल्या भागात कॉम्पोनंट म्हणजे काय ते पाहिलं. या वेळी त्यातला सर्वांत साधा दिसणारा आणि सर्वांत फसवा प्रकार: पुन्हा पुन्हा वापरता येईल असा फॉर्मचा रकाना. उदाहरण व्ह्यूचं घेतलं आहे. इव्हान यू यांनी हे फ्रेमवर्क फेब्रुवारी २०१४ मध्ये लोकांपुढे ठेवलं आणि त्याची तिसरी मोठी आवृत्ती सप्टेंबर २०२० मध्ये आली.

पहिला प्रश्न मालकीचा. रकान्यात लिहिलेलं '४११०३०' कुणाचं? रकान्याचं की फॉर्मचं? व्ह्यूचं उत्तर स्पष्ट आहे: फॉर्मचं. रकाना हा पोस्टमन. त्याने पत्र पोचवावं, स्वतःकडे ठेवून घेऊ नये. फॉर्म प्रॉपमधून मूल्य खाली देतो, माणसाने काही टाइप केलं की रकाना इव्हेंटमधून ते वर कळवतो, आणि बदल करायचा की नाही ते फॉर्म ठरवतो. रकान्याने परस्पर प्रॉपच बदलायचा प्रयत्न केला, तर व्ह्यू ३ इशारा देतं आणि बदल होऊ देत नाही. व्ह्यू २ इतकं कडक नव्हतं. तिथे इशारा यायचा, पण बदल तात्पुरता टिकायचा आणि फॉर्म पुन्हा रंगवला गेला की जुनं मूल्य परत यायचं. असा बग दिवसभर शोधूनही सापडत नाही, कारण अर्धा वेळ सगळं बरोबरच चाललेलं असतं.

या देवाणघेवाणीचं छोटं रूप म्हणजे व्ही-मॉडेल. व्ह्यू २ मध्ये कॉम्पोनंटवर व्ही-मॉडेल लावलं, की 'व्हॅल्यू' नावाचा प्रॉप आणि 'इनपुट' नावाचा इव्हेंट गृहीत धरला जाई. चेकबॉक्स आणि रेडिओ बटणाच्या बाबतीत मात्र 'व्हॅल्यू'ला आधीच वेगळा अर्थ असल्याने गोंधळ होई. व्ह्यू ३ ने नावं बदलून 'मॉडेलव्हॅल्यू' आणि 'अपडेट:मॉडेलव्हॅल्यू' केली. नावं लांबलचक झाली, पण भांडण मिटलं. शिवाय एकाच कॉम्पोनंटवर अनेक व्ही-मॉडेल लावण्याची सोय झाली. डिसेंबर २०२३ च्या ३.४ आवृत्तीत 'डिफाइनमॉडेल' पक्कं झालं आणि प्रॉप व इव्हेंट हाताने जाहीर करण्याचं कामही एका ओळीवर आलं. आत तोच प्रॉप आणि तोच इव्हेंट असतो. ओळी कमी झाल्या, मालकी बदललेली नाही. हे विसरणाऱ्यांना 'डिफाइनमॉडेल' जादू वाटते, आणि जादू बिघडली की दुरुस्त कुठे करायची ते कळत नाही.

पुढची गोष्ट कमी चर्चेची, पण नेहमी नडणारी. रकाना बहुधा एका डिव्हमध्ये असतो: वर लेबल, मध्ये इनपुट, खाली चुकीचा संदेश. फॉर्म लिहिणाऱ्याने कॉम्पोनंटवर प्लेसहोल्डर, मॅक्सलेंग्थ किंवा ऑटोकम्प्लीट लिहिलं, तर ते आपोआप सर्वांत बाहेरच्या डिव्हवर जाऊन बसतं. डिव्हला त्याचा काही उपयोग नाही. त्यासाठी 'इनहेरिटअ‍ॅट्रस' बंद करायचं आणि आलेली सगळी अ‍ॅट्रिब्यूट आतल्या इनपुटवर बांधायची. व्ह्यू ३ मध्ये क्लास आणि स्टाइलही याच गाठोड्यात येतात, त्यामुळे बाहेरच्या चौकटीसाठी दिलेलं अंतर आतल्या इनपुटला लागतं आणि डिझायनर नाराज होतो. क्लास वेगळा काढून बाहेर लावणं हाच उपाय.

आयडीचंही तसंच. बिलाचा पत्ता आणि पोचवण्याचा पत्ता एकाच पानावर असले, तर पिनकोडचा रकाना दोनदा येतो. दोन्हींचा आयडी 'पिनकोड' असेल, तर दुसऱ्या लेबलवर बोट ठेवलं तरी कर्सर पहिल्यात जातो. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध व्यक्तीला तर कोणता रकाना कशाचा हेच समजत नाही. रिअ‍ॅक्टने मार्च २०२२ मध्ये अठराव्या आवृत्तीत 'यूजआयडी' दिलं, व्ह्यूने सप्टेंबर २०२४ मध्ये ३.५ मध्ये. वेगळा आयडी आपोआप मिळाला की चुकीचा संदेशही 'एरिया-डिस्क्राइब्डबाय'ने त्याच इनपुटला जोडता येतो. आणि प्लेसहोल्डर म्हणजे लेबल नव्हे. पहिलं अक्षर पडताच तो गायब होतो, मग अर्धवट भरलेल्या फॉर्ममध्ये 'इथे काय लिहायचं होतं?' असा प्रश्न उरतो.

आता पिनकोडच्या इनपुटचा प्रकार. आकडे आहेत म्हणून 'नंबर' निवडायचा मोह होतो, तो आवरावा. नंबर-इनपुटमध्ये 'ई' हे अक्षर चालतं, कारण मोठ्या संख्या तसं लिहून दाखवता येतात. माउसचं चाक फिरलं तर आकडा बदलूही शकतो. ब्रिटन सरकारच्या डिझाइन सिस्टिमने २०२० मध्येच हा प्रकार सोडून साधा मजकूर-इनपुट आणि 'इनपुटमोड न्यूमेरिक' यांची शिफारस केली. फोनवर आकड्यांचा कीबोर्ड उघडतो, बाकीच्या खोड्या टळतात. पिनकोड, ओटीपी, आधार क्रमांक या संख्या नाहीतच. त्यांची कुणी बेरीज करत नाही.

मराठी वाचकांनी लक्ष द्यावं ते इथे. देवनागरी कीबोर्डवर पिनकोड टाइप केला, तर बहुतेक वेळा तो फेटाळला जातो. जावास्क्रिप्टच्या नियमित पदावलीतला 'आकडा' म्हणजे फक्त इंग्रजी अंक, आणि देवनागरी अंकांची संख्या करायला गेलं तर उत्तर येतं 'संख्या नाही'. उपाय चार ओळींचा आहे. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६, इंग्रजी शून्याचा ४८. प्रत्येक देवनागरी अंकातून २३५८ वजा केले की झालं. हे काम पाच फॉर्ममध्ये कुणी करणार नाही. रकाना एकच असेल, तर 'डिफाइनमॉडेल'च्या सेटमध्ये एकदा लिहिलं की सगळीकडे लागू होतं. पुन्हा वापरता येणाऱ्या कॉम्पोनंटच्या बाजूने याहून मोठा युक्तिवाद शोधायची गरज नाही.

एक सापळा मात्र आहे. हाताने इव्हेंट पाठवणाऱ्या जुन्या पद्धतीत रकाना नको ती अक्षरं गाळत असेल आणि कुणी '४११' नंतर 'क' टाइप केला, तर गाळून पुन्हा '४११'च वर जातं. फॉर्मच्या दृष्टीने काहीच बदललं नाही, म्हणून तो रकाना पुन्हा रंगवत नाही आणि पडद्यावर 'क' तसाच राहतो.

नावाच्या रकान्यात आणखी गंमत. मॅक्सलेंग्थ ही मर्यादा दिसणारी अक्षरं मोजत नाही, युनिकोडची साठवणीची एककं मोजते. 'ज्ञानेश्वर' वाचणाऱ्याला चार अक्षरी, ब्राउझरला दहा. 'कुलकर्णी' आठ. मर्यादा १५ ठेवली, तर ज्ञानेश्वर कुलकर्णी यांचं आडनाव 'कुलक' होऊन थांबतं. अक्षरं नीट मोजायला 'इंटल.सेगमेंटर' आहे, पण जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडमध्ये आला तो सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीत. जुना ब्राउझर 'ज्ञानेश्वर' सहा मोजेल. तेव्हा नावावर घट्ट मर्यादा न घालणं हाच शहाणपणा.

फोनवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांचा अनुभव असतो, की शब्द पूर्ण होईपर्यंत शोधाच्या सूचना येत नाहीत. साइट व्ह्यूवर बांधलेली असेल, तर याचं कारण बहुधा व्ही-मॉडेल. शब्द कीबोर्डमध्ये जुळत असताना ते मुद्दाम थांबतं. नावाच्या रकान्यात हे योग्य, शोधाच्या रकान्यात त्रासदायक. तिथे व्ही-मॉडेल सोडून मूल्य आणि इनपुट इव्हेंट वेगवेगळे बांधावेत, असं व्ह्यूचं दस्तऐवजच सुचवतं. शब्द जुळत असताना मजकुराला हात मात्र लावू नये. साफसफाई रकाना सोडल्यावर.

चूक दाखवण्याची वेळही तीच. पहिला आकडा पडताच 'पिनकोड चुकीचा' म्हणणारा रकाना उद्धट वाटतो. माणूस रकान्यातून बाहेर पडला की तपासावं. एकदा चूक दाखवली की नंतर प्रत्येक अक्षराला तपासावं, म्हणजे दुरुस्ती होताच संदेश जातो.

हे सगळं वाचून एखाद्याला वाटेल, एकच महाइनपुट करावं: मजकूर, तारीख, यादी, फाइल, सगळं त्यातच. अनेक कंपन्यांत असं कॉम्पोनंट असतं, त्याला चाळीसेक प्रॉप असतात आणि त्याला हात लावायला सगळे घाबरतात. त्यापेक्षा लेबल, संदेश आणि आयडी सांभाळणारी एक चौकट करावी आणि तिच्यात छोटे, एकाच कामाचे रकाने बसवावेत. पिनकोडच्या रकान्याला तारखेबद्दल काही माहीत असण्याचं कारण नाही.

पुढच्या भागात तारखेचा रकाना. तोवर ज्यांच्या हाताखाली एखादी वेबसाइट आहे, त्यांनी फोनवर मराठी कीबोर्ड लावून तिथला पत्त्याचा फॉर्म एकदा स्वतः भरून पाहावा, देवनागरी अंकांसकट.