ठेका हवा, पण कान राखून

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी साधारण पंचवीस वर्षांचा एक तरुण माझ्या दवाखान्यात आला. इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला. रात्रपाळी करून तसाच आला असावा, कारण शर्टाला कापसाची पिंज चिकटलेली होती. त्याने खिशातून एकामागून एक तीन हेडफोन काढले आणि माझ्या टेबलावर मांडले.

"डॉक्टरसाहेब, वर्षात तीन घेतले. एकातबी दम न्हाई. ढोलकी वाजतीय का पत्र्याचा डबा, काय कळंना. तुम्ही कानाचे डॉक्टर. हजार रुपयांत ठेका खणखणीत ऐकू येईल असा कुठला घेऊ, तेवढं सांगा."

इतक्या वर्षांच्या व्यवसायात हा प्रश्न मला प्रथमच कुणी विचारत होते. कान फुटला, कान ठणकतो, कानात माशी गेली, अशा तक्रारी रोजच्या. हेडफोनच्या चौकशीसाठी केसपेपर काढणारा हा पहिलाच. मी त्याला बसवले आणि विचारले, "ऐकतोस कधी?"

"मागावर. रातपाळीला गाणी न्हाईत तर झोप आवरत न्हाई."

"आवाज किती ठेवतोस?"

"पूर्ण. त्याबिगर ऐकूच येत न्हाई."

"कानात कधी आवाज येतो का?"

"सुट्टीच्या दिवशी घरी निजलं की टुंईं वाजतंय. पण त्ये चालायचंच."

'त्ये चालायचंच' हे शब्द ऐकून मी त्याची ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणशक्तीची तपासणी करून घेतली. आलेख हाती आला तेव्हा दोन्ही कानांत ४००० हर्ट्झपाशी खोल खड्डा दिसला. मोठ्या आवाजाने होणाऱ्या बहिरेपणाची ही ठरावीक खूण. तीन हेडफोनांत दम नव्हता, याचे निम्मे उत्तर त्या कागदावर होते. बोथट झाला होता तो कान.

हा मुलगा गावच्या भजनी मंडळात ढोलकी वाजवतो. म्हणजे त्याच्या दृष्टीने हा केवळ करमणुकीचा प्रश्न नव्हता. म्हणून त्या दिवशी त्याला जे सांगितले, ते आज वाचकांनाही सांगावेसे वाटते. ठसकेबाज ठेक्याची आवड असणे यात काही गैर नाही, आणि ती भागवायला फार पैसे लागतात असेही नाही. मात्र ठेका कशाने ऐकू येतो, हे आधी समजून घेतले पाहिजे.

एका थापेतील दोन आवाज

तबला घ्या किंवा ढोलकी घ्या, तिच्या ठेक्यात दोन गोष्टी असतात. एक घुमक. हा खालचा, जाड आवाज. त्याची कंपने सेकंदाला शंभराच्या आसपास असतात. दुसरी चाट, म्हणजे बोट पडल्याक्षणी उठणारा टणत्कार. त्याची कंपने सेकंदाला हजारांच्या घरात जातात. घुमकीमुळे ठेक्याला वजन येते आणि चाटेमुळे त्याला धार येते. दोन्ही जागच्या जागी असतील तर पाय आपोआप ताल धरतो. नुसती घुमक वाढवली तर एक थाप संपायच्या आत दुसरी तिच्यावर पडते आणि सगळा काला होतो. खोक्यावर 'जबरदस्त बास' असे छापलेले अनेक स्वस्त हेडफोन नेमके हेच करतात. दुकानात दोन मिनिटे ऐकताना छाती दणाणते, घरी आणल्यावर आठ दिवसांत डोके दुखू लागते.

आता कानाकडे वळू. आपल्या अंतर्कर्णात, शंखासारख्या आकाराच्या भागात, प्रत्येक बाजूला सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाची थरथर पकडून ती मेंदूकडे पोहोचवण्याच्या कामात त्यांचा वाटा असतो. डोक्यावरचा केस गळला तर पुन्हा उगवतो, पण माणसाच्या कानातील ही पेशी एकदा मेली की पुन्हा उगवत नाही. मोठ्या आवाजाचा मार बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपासच्या पेशींना आधी बसतो. चाटेची धार, आणि बोलण्यातील स, च, त, फ यांसारखी व्यंजने ओळखण्याची मदार या वरच्या पट्टीवर असते. म्हणून असा माणूस "ऐकू येते, पण नीट समजत नाही" अशी तक्रार करतो. आमच्या ढोलकीवाल्याला घुमक ऐकू येत होती, चाट हरवली होती. तो मात्र दोष हेडफोनला देत होता आणि आवाज आणखी वाढवत होता. औषध समजून विषच पोटात घालण्यातला हा प्रकार.

हजार रुपयांत काय पाहावे?

स्वस्त, टिकाऊ, दणकेबाज आणि देखणा असे सर्व गुण एकाच वस्तूत मागणे म्हणजे आखूड शिंगी बहुदुधी गाय शोधणे. पैसे मोजके असतील तर काय सोडायचे आणि काय धरायचे हे ठरवावे लागते. माझ्या मते धरायची पहिली गोष्ट म्हणजे कानात घट्ट आणि सुखाने बसणे.

यामागे साधे कारण आहे. हेडफोन आणि कान यांच्यात फट राहिली की सर्वांत आधी घुमक निसटते. त्याच फटीतून बाहेरचा गोंगाट आत येतो. घुमक गेली म्हणून आणि गोंगाट आला म्हणून माणूस आवाज वाढवतो. म्हणजे फट टोपीची आणि शिक्षा कानाला. कानाच्या तोंडाशी नुसते अडकवायचे कडक प्लॅस्टिकचे इअरफोन या बाबतीत कमी पडतात. मऊ रबरी टोपी असलेले, कानात बसणारे इअरफोन कमी पैशांत चांगला ठेका देतात. त्यांच्याबरोबर बहुधा लहान, मध्यम आणि मोठ्या अशा तीन मापांच्या टोप्या येतात. बहुतेक लोक आधी बसवलेली जोडी वापरतात आणि बाकीच्या खोक्यासकट फेकून देतात. वास्तविक तिन्ही लावून पाहाव्यात. दोन्ही कानांची मापे वेगळी असणेही अगदी शक्य आहे.

याची परीक्षा सोपी आहे. ओळखीचे, डग्ग्याचे काम ठळक असलेले गाणे लावा आणि इअरफोन बोटाने किंचित आत दाबा. दाबल्याबरोबर घुमक एकदम वाढली तर टोपी सैल आहे, मोठी लावून पाहा. काही फरक पडला नाही तर माप जमले.

दुसरी परीक्षा कमी आवाजाची. दुकानदार नेहमी मोठ्या आवाजात ऐकवतो. आपण आवाज निम्म्याखाली आणावा. त्या आवाजातही घुमक आणि चाट वेगवेगळ्या कळल्या, आणि गाणाऱ्याचा आवाज त्यांच्याखाली दबला नाही, तर वस्तू चांगली समजावी. मंद आवाजात आपल्या कानाला खालचे सूर मुळातच कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९३३ साली मोजमापे करून हे दाखवून दिले. म्हणून हळू ऐकताना मोबाइलच्या इक्वलायझरमध्ये खालची पट्टी किंचित उचलायला हरकत नाही. किंचित म्हणजे भाजीत मीठ घालावे तितकीच.

तिसरी गोष्ट तारेची. बिनतारी हेडफोनच्या किमतीत बॅटरी, चार्जिंगची डबी आणि ब्लूटूथचे भाग यांचाही खर्च असतो. तेवढ्याच पैशांत तारेचा घेतला तर बहुधा आवाज उजवा मिळतो. तालाचा सराव करणाऱ्यांना आणखी एक फायदा. ब्लूटूथमध्ये आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो. मोबाइलच्या पडद्यावर बोटाने तबला वाजवून पाहणाऱ्याला तो उशीर लगेच खटकतो. नव्या मोबाइलना गोल पिनेची जागा नसेल तर चार्जिंगच्या छिद्रात बसणारे तारेचे इअरफोनही मिळतात.

खोक्यावरच्या आकड्यांना फार भुलू नये. आतला पडदा १० मिलिमीटरचा की १४ मिलिमीटरचा, यावरून आवाजाचा दर्जा ठरत नाही. '२० ते २०,००० हर्ट्झ' हा मजकूरही जवळपास प्रत्येक खोक्यावर असतो. आपला कान हाच खरा परीक्षक. त्या परीक्षकाला मात्र शाबूत ठेवले पाहिजे.

आठवड्याची शिदोरी

मनोरंजनासाठी ऐकण्याच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने एक हिशेब घालून दिला आहे. मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास, आणि मुलांसाठी ७५ डेसिबलचा आवाज तितकेच तास. यात ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की आवाज दर ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मी होते. ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला ५ तास आणि ९२ ला अवघे अडीच तास. हे सर्व आठवड्याचे, दिवसाचे नव्हे.

मी हा हिशेब कागदावर मांडून त्या तरुणाला दाखवला. यंत्रमागाच्या शेडमध्ये धोट्यांचा खडखडाट नव्वद डेसिबलच्या पुढे जातो. कानाला करमणुकीचा आवाज आणि कामाचा आवाज यांत भेद कळत नाही. म्हणजे त्याची सबंध आठवड्याची शिदोरी सोमवारच्या पाळीत, पहिल्या काही तासांतच संपत होती. त्यावर तो मागांच्या वरताण आवाजात गाणी ऐकत होता. शिल्लक शून्य, आणि वर रोज नवे कर्ज.

तो बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे ढोलकी बंद?"

मी म्हणालो, "ढोलकी चालू. मागावरची गाणी बंद."

कामावर फोमचे कानबोळे घालायचे. ते चुरडून बारीक करायचे, कानाची पाळी वर ओढून आत बसवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. नीट बसले तर पंधरा-वीस डेसिबल सहज अडवतात, आणि किंमत हेडफोनच्या मानाने काहीच नाही. गाणी घरी, शांत खोलीत, आवाज साठ टक्क्यांच्या आत ठेवून ऐकायची. तासाभराने कानाला विसावा द्यायचा. ढोलकीचा सराव करतानाही कानांना मधूनमधून विश्रांती द्यायची.

वाचकांपैकी सर्वच जण मागावर काम करत नाहीत. पण एसटीच्या इंजिनाशेजारी बसून, पिठाच्या गिरणीत किंवा ट्रॅक्टरवर कानात गाणी घालून बसणारे आपल्यात पुष्कळ आहेत. सर्वांना सूत्र एकच, गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवू नये. दुचाकी चालवताना, रस्ता किंवा रेल्वेचे रूळ ओलांडताना तर कान मोकळेच हवेत.

आणखी काही पथ्ये

इअरफोनच्या टोप्या आठवड्यातून एकदा काढून धुवाव्यात आणि पूर्ण वाळल्यावरच लावाव्यात. पावसाळ्यात ओलसर कानात त्या तासन्‌तास राहिल्या की बुरशी धरण्याची भीती असते. दुसऱ्याचा इअरफोन वापरू नये. कान वाहत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल तर कानात बसणारे साधन वापरूच नये, कानावरून झाकणारे वापरावे. मळ काढण्यासाठी काडी घालू नये.

गाणी ऐकून झाल्यावर कानात शिटी वाजत असेल किंवा कानात कापूस कोंबल्यासारखे वाटत असेल तर तो कानाने दिलेला इशारा समजावा. असे वारंवार होत असेल तर तपासणी करून घ्यावी. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर तेल वगैरे घालत घरी बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, उशीर झाल्यास उपचारांचा उपयोग कमी होतो.

तो तरुण दिवाळीनंतर पुन्हा आला. नवीन हेडफोन त्याने घेतलाच नव्हता. जुन्या तिघांपैकी एकाला मोठ्या मापाची रबरी टोपी लावली आणि त्याचे काम भागले. हजार रुपये वाचले होते. कानातली शिटी कमी झाली होती, पूर्ण थांबली नव्हती. नव्या आलेखात खड्डा होता तेवढाच होता. तो भरून येणार नाही हे मी त्याला स्पष्ट सांगितले. पण तो वाढलाही नव्हता.

जाताना दारात थांबून त्याने विचारले, "शेडमधी माझ्याबरोबर आणखी चौघं हायत, सगळे कानात घालून काम करतात. त्यांना घेऊन येऊ का?"

मी म्हणालो, "जरूर आण. आणि येताना त्यांचे हेडफोनही आणायला सांग."