वास फळाचा, पण ॲसिड तिथंच!

आज जरा लॅबमध्ये डोकावू या.

बारावीचं केमिस्ट्री प्रॅक्टिकल आठवतंय? टेस्ट ट्यूबमध्ये थोडं अल्कोहोल, थोडं ॲसिटिक ॲसिड, वर सल्फ्युरिक ॲसिडचे दोन-चार थेंब. गरम पाण्यात धरलं की थोड्या वेळानं फळासारखा गोड वास येतो. हा वास एस्टरचा. सल्फ्युरिक ॲसिड, म्हणजे आपलं गंधकाम्ल, इथं कॅटलिस्ट आहे, म्हणजेच उत्प्रेरक.

ते नक्की करतं काय? ॲसिटिक ॲसिडच्या रेणूला एक प्रोटॉन देतं. त्यामुळे अल्कोहोलला त्या रेणूशी जोडून घेणं सोपं जातं. काम झालं की प्रोटॉन परत मोकळा, पुढच्या रेणूसाठी तयार! शिवाय हे ॲसिड पाण्याचं भारी तहानलेलं. रिॲक्शनमध्ये तयार होणारं पाणी ते धरून ठेवतं, म्हणून एस्टर जास्त मिळतं. पेट्रोल रिफायनरीतही चांगल्या ऑक्टेनचं इंधन बनवायला हेच कॅटलिस्ट वापरतात.

आता खरी गोष्ट ऐका. कॅटलिस्ट खर्च होत नाही. हीच त्याची ताकद आणि हाच धोका. वास गोड आला म्हणून ॲसिड संपलं असं नाही, ते जवळपास सगळं तिथंच असतं. म्हणून तर शेवटी ते मिश्रण सोड्याच्या द्रावणात हळूहळू ओततात. फसफसतं ना, ते ॲसिड मरत असतं. ट्यूब नाकाला लावून हुंगायची नाही. हातानं वास आपल्याकडे ढकलायचा.

दुसरी गोष्ट, पाणी मिसळणं. दाट सल्फ्युरिक ॲसिड साधारण 98 टक्के असतं आणि 1 लिटरचं वजन 1.84 किलो भरतं. त्यावर पाणी ओतलं तर हलकं पाणी वरच राहतं, तिथंच प्रचंड उष्णता तयार होते, पाणी उकळून ॲसिडसकट तोंडावर उडतं. उलट ॲसिड पाण्यात बारीक धारेनं, ढवळत सोडलं तर उष्णता सगळ्या पाण्यात पसरते. एवढंच पाठ करा: पाण्यात ॲसिड, ॲसिडात पाणी कधीच नाही.

मग इन्व्हर्टरच्या बॅटरीत आपण पाणी कसं ओततो? चांगला प्रश्न! तिथलं ॲसिड आधीच पातळ असतं, वजनानं साधारण एक तृतीयांश, बाकी पाणीच. म्हणून डिस्टिल्ड वॉटर चालतं. पण तेही अंगावर घ्यायची वस्तू नाही. आणि चार्जिंग चालू असताना हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ काडी ओढू नका.

लॅबमध्ये गॉगल हवाच. पातळ डिस्पोजेबल हातमोजे दाट ॲसिडपुढे फार टिकत नाहीत. थेंब पडला की लगेच काढा. ॲसिड पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही भरू नका. घरात कुणीतरी चुकून पिऊ शकतं.

आणि अंगावर सांडलंच तर? भिजलेले कपडे लगेच काढा, वाहत्या पाण्याखाली निदान 20 मिनिटं धुवा. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून तेवढाच वेळ पाणी, मग थेट डॉक्टर. त्वचेवर सोडा चोळत बसू नका. त्यानं उष्णता वाढते आणि वेळही जातो. पोटात गेलं तर उलटी करवू नका, हॉस्पिटल गाठा.

प्रॅक्टिकल जवळ आलेल्या मित्राला हा एपिसोड नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!