दुधाच्या दातांची राखण



पोराचा दात दुखू लागला, की आपल्याकडे पहिला शब्द निघतो तो 'कीड'. "दाताला कीड लागली गं बाई!" म्हणत आजी लवंग शोधते. कुठे रिंगणीच्या बियांची धुरी देतात. आणि शेवटी सगळे एकमेकांची समजूत घालतात, "जाऊ द्या, दुधाचाच दात. आज ना उद्या पडणारच की!"

या दोन्ही समजुती लेकराला महागात पडतात. दातात अळी नसते, आणि दुधाचा दात वाया जाऊ द्यायचा नसतो.

मग दात किडतो कसा? आपल्या सर्वांच्या तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. गोड खाल्ले की ते साखरेवर ताव मारतात आणि आम्ल तयार करतात. हे आम्ल दाताचे टणक कवच झिजवते. लाळ ही झीज भरून काढू पाहते, पण तिला थोडी उसंत हवी असते. सकाळी गोड चहा नि टोस्ट, मग बिस्किट, मग गोळी, पुन्हा चहा, असा रतीब चालू राहिला तर लाळेने काम करावे कधी? म्हणून गोड किती खाल्ले, याइतकेच कितीदा खाल्ले, हेही महत्त्वाचे.

आपल्या नाशिक जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या बागांत कामाला येतात. आईचे हात कामात, तान्हे झोळीत. ते रडले की हातात बिस्किट द्यायचे, दुसरा इलाज तिला सुचत नाही. तिला दोष देऊन काय साधणार? तिला एवढेच सांगावे, की ताई, बिस्किटाऐवजी भाकरीचा तुकडा दे, केळ्याची फोड दे, आणि वर दोन घोट पाणी पाज.

रात्रीची गोष्ट याहून महत्त्वाची. झोपेत लाळ कमी सुटते. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून मूल झोपले, तर ते गोड दूध रात्रभर पुढच्या दातांभोवती साचून राहते. मग वर्षा-दीड वर्षाच्या पोराचे वरचे दात काळे पडून तुटू लागतात. अंगावरचे दूध मात्र जरूर पाजावे, ते अमृतच आहे. दात आल्यावर पाजून झाले, की ओल्या स्वच्छ फडक्याने दात पुसून घ्यावेत.

"पण पडणाऱ्या दातांसाठी एवढा खटाटोप कशाला?" असे कोणी विचारील. ऐका. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो, आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत वीस दात पुरे होतात. त्यांतल्या काही दाढा अकरा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. त्यांवरच मूल भाकरी चावते. दाढ ठणकली तर ते जेवत नाही, झोपत नाही, शाळेत त्याचे चित्त लागत नाही. शिवाय हे दात पक्क्या दातांची जागा राखून ठेवतात. आणखी एक ध्यानात ठेवा. सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे जी दाढ येते, ती दुधाची नव्हे, पक्की असते. ती गेली की पुन्हा येत नाही.

आता करायचे काय? पहिला दात दिसला, की मऊ ब्रशाने घासायला लागा, सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी. पेस्ट फ्लोराइडची घ्या. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी, त्याहून जास्त नको. मुलाला ती गिळू देऊ नका, थुंकायला शिकवा. सात-आठ वर्षांचे होईतो ब्रश मोठ्या माणसाच्या हातात असू द्या, कारण पोराचा हात मागच्या दाढेपर्यंत नीट पोचत नाही. राख, विटेची पूड यांनी दात घासले तर ते झिजतात. आणि मशेरी मुलांच्या हातीसुद्धा देऊ नये. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच!

गुरुजी आणि बाई, तुमचे काम थोडे निराळे. पालकसभेत भाषणापेक्षा प्रयोग दाखवा. अंड्याचे कवच लिंबाच्या रसात टाका. बुडबुडे येतील, आणि काही तासांनी कवच मऊ पडेल. आम्ल काय करते, हे आयांना न सांगता कळेल. एका सभेत एकच गोष्ट सांगा, आणि ती एखाद्या आईकडून सर्वांसमोर करवून घ्या. रागावू मात्र नका. रागावलेली आई पुढच्या सभेला येत नाही. पंधरा ऑगस्टला गोळ्यांऐवजी शेंगदाणे-फुटाणे किंवा पेरूच्या फोडी वाटल्या, तर मुलांचा आनंद काही कमी होणार नाही.

सन 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली आरोग्य पथके अंगणवाड्यांत नि शाळांत येऊन मुले तपासतात, दातही पाहतात. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. नाशकात पंचवटीला कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, तिथेही दाखवता येईल.

दात दुखेपर्यंत मात्र थांबू नका. आज रात्री लेकराचे डोके मांडीवर घ्या, वरचा ओठ हळूच उचला आणि उजेडात पाहा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची सुरुवात असू शकते. पण या वेळी दंतवैद्याकडे नेले, तर दात बहुधा सावरतो. रेघ तपकिरी होऊन खड्डा पडला, की तो आपोआप भरत नाही. पिकावर रोगाचा पहिला ठिपका दिसताच आपण धावतो ना? तशीच नजर लेकराच्या दातांवरही असू द्या.