न पाहिलेली पटाशी

सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे शिकलगार आडनावाची अनेक मुस्लिम कुटुंबे आहेत. ‘सैकल’ या अरबी शब्दाचा अर्थ घासून लखलखीत करणे. सैकल करणारा तो सैकलगर, आणि मराठी जिभेवर तो शिकलगार झाला. तलवारींना पाणी देणारे हे हात पुढे विळे, अडकित्ते, कात्र्या आणि सुतारांच्या पटाश्यांवर आले. सायकलच्या मागच्या चाकावर सहाण बसवून गल्लोगल्ली ठिणग्या उडवणारा धारवाला अजून कुठे कुठे दिसतो. पण सुताराला आता धारेचा दगड हवा असला, तर तो बहुधा खिशातला मोबाइल काढतो. पटाशी, रंधा, करवत, गिरमिट, कानस आणि हिऱ्याच्या भुकटीची धारपट्टी, सगळे कुरियरने दारात येते.

सोय मोठी आहे. तालुक्याच्या गावात चांगला रंधा मिळत नाही, तो आता मिळतो. पण सुतार दुकानात गेला की काय करतो ते आठवून पाहा. पटाशी हातात घेऊन तोल बघतो. पात्यावर नखाने टिचकी मारून आवाज ऐकतो. पाठ उजेडाकडे धरून ती सपाट आहे की मध्ये पोट सुटले आहे, हे एक डोळा मिटून पाहतो. मुठीचे लाकूड चिरलेले नाही ना, हे अंगठ्याने चाचपतो. करवतीचे दात एका रेषेत आहेत का ते बघतो. रंध्याचा तळ दुसऱ्या सरळ धारेवर टेकवून खालून फट दिसते का ते तपासतो. ऑनलाइन खरेदीत यातले काहीच उरत नाही. गिऱ्हाइकाचे डोळे, कान आणि बोटे तिघेही घरी राहतात. उरतो तो एक फोटो आणि दुकानदाराचा शब्द.

न पाहिलेल्या वस्तूचा सौदा हा प्रश्न इंटरनेटच्या फार आधीचा आहे. भारतातले बहुसंख्य मुसलमान ज्या हनफी परंपरेचे आहेत, तिचे इमाम अबू हनीफा स्वतः कूफा शहरातले कापडाचे व्यापारी होते. त्यांचे निधन इ. स. 767 मध्ये बगदादला झाले. त्यांच्या परंपरेने असा सौदा मान्य केला, पण एका अटीवर: माल प्रत्यक्ष पाहिल्यावर तो परत करण्याचा हक्क खरेदीदाराला राहील. याला ‘खियार-ए-रूयत’ म्हणतात, पाहिल्यानंतरचा पर्याय. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई परंपरेचे. त्यांच्याकडचे मत आणखी कडक आहे. डोळ्यांआडच्या वस्तूचा सौदा ते सहसा ग्राह्य धरत नाहीत. आगाऊ पैसे देऊन, जात, माप आणि मुदत पक्की ठरवून केलेला ‘सलम’ मात्र दोघांनाही चालतो. म्हणजे ‘माल परत घेतला जाईल’ ही आज जाहिरातीत ठळक छापली जाणारी ओळ बाराशे वर्षांपूर्वीच्या फकीहांच्या हिशेबाने औदार्य नव्हते, तो खरेदीदाराचा हक्क होता.

याच्याही मुळाशी एक प्रसंग आहे, जो मशिदीतल्या प्रवचनांत वारंवार येतो. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) मदिनेच्या बाजारातून जात असताना धान्याच्या एका राशीपाशी थांबले. त्यांनी राशीत हात घातला, तर आतले धान्य ओले लागले. पाऊस पडला होता, विक्रेत्याने सांगितले. त्यावर पैगंबरांनी विचारले, की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही? फसवणाऱ्याशी आपले नाते नाही, असेही त्यांनी बजावले. या प्रसंगात विक्रेता खोटे काही बोललेला नाही, हे ध्यानात घ्यावे. त्याने फक्त कोरडे वर ठेवले होते.

वेबसाइटवरचा फोटो हा त्या राशीचा वरचा थर आहे. कंपनीने स्टुडिओत काढलेले चित्र उचलून लावले, की कोरडे धान्य वर आले. हत्यारांच्या दुकानदाराने खरे तर उलटे करायला हवे: गिऱ्हाइकाच्या बोटांनी जे तपासले असते ते स्वतः तपासायचे आणि लिहायचे. पटाशीची रुंदी छापील नव्हे, मोजलेली. पोलादाचा कठीणपणा माहीत असेल तर तो आकड्यात. चांगल्या पटाशीचा तो रॉकवेल मापावर साधारण 58 ते 62 असतो. पाठ कारखान्यातून सपाट करून आली आहे की गिऱ्हाइकाला तासभर दगडावर घासावी लागेल? धार 25 अंशांची नुसती घासलेली आहे की कामाला लावण्याजोगी? बऱ्याच पटाश्या डब्यातून निघतात तेव्हा लाकूड कापत नाहीत, चुरगाळतात. जुन्या सुताराला हे ठाऊक असते. हौसेने शिकणाऱ्या कॉलेजच्या मुलाला ते ठाऊक नसते, आणि पहिल्याच दिवशी ‘माल खराब निघाला’ म्हणून तो हिरमुसतो.

दगडांचे तर सांगावे तेवढे थोडे. 1000 नंबरचा दगड धार उभी करतो, 6000 नंबरचा ती गुळगुळीत करतो. एकट्या 6000 च्या दगडावर बोथट पटाशी घासत बसणाऱ्याची संध्याकाळ वाया जाते. पाण्यावर चालणाऱ्या दगडाला तेल लावले की त्याची छिद्रे बुजतात. काही पाणदगड वापरापूर्वी दहा-पंधरा मिनिटे बुडवावे लागतात, काहींवर नुसते पाणी शिंपडायचे असते, आणि दुसऱ्या जातीचा दगड बुडवून ठेवला तर तो खराब होऊ शकतो. जपानी करवत ओढताना कापते, आपली नेहमीची ढकलताना. हे एक वाक्य न लिहिल्यामुळे पाती वाकतात. चार ओळी जास्त टंकायला दुकानदाराला जो कंटाळा येतो, त्याची किंमत दुसरा कोणी मोजतो. तो बहुधा रोजंदारीवरचा सुतार असतो. चुकीच्या हत्याराने त्याचा पैसा जातोच, वर बदली येईपर्यंतचे कामही अडते.

वस्तू पाठवणे हाही मालाच्या वर्णनाचाच भाग धरावा. धारेला टोपण नसलेली पटाशी खोक्यातून बाहेर येते आणि कुरियरच्या पोराचा तळहात फाडते. जुलैत कोकणात जाणारे पाते तेलाचा हात न फिरवता पाठवले, तर गिऱ्हाइकाच्या आधी गंज ते उघडतो. दगड दोन थरांत गुंडाळला नाही तर कोपरा उडतो. आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ज्या हत्यारांची पूजा व्हायची ती वेळेत पोहोचणार नसतील तर ऑर्डर घेतानाच तसे सांगावे. पैसे खात्यात पडल्यावर नव्हे.

इथे एक धंद्याची खोड सांगणे भाग आहे. पुष्कळ ऑनलाइन दुकानांत माल नसतोच. ऑर्डर आली की ते जालंधर किंवा नागौरच्या घाऊक व्यापाऱ्याकडे, नाहीतर आयातदाराकडे मागणी टाकतात. जे आपल्याकडे नाही ते विकू नये, असे पैगंबरांनी हकीम बिन हिजाम या व्यापारी सहकाऱ्याला सांगितल्याची हदीस प्रसिद्ध आहे. म्हणजे हा धंदा बंदच करावा असे नाही. ‘मी दलाल आहे, माल अमुक दिवसांनी मागवून देईन’ असे उघड सांगून तो करता येतो. गोंधळ होतो तो ‘साठ्यात उपलब्ध’ असे लिहून आठवडाभर फोन न उचलण्यात. पैसे परत मिळतातही कधी कधी, पण तोवर स्वयंपाकघराचे काम दुसऱ्याकडे गेलेले असते.

खोट्या पसंतीच्या चांदण्यांना तर जुने नावच आहे. लिलावात घ्यायचे नसताना भाव चढवण्यासाठी बोली लावणे याला अरबीत ‘नज्श’ म्हणतात, आणि ते निषिद्ध आहे. भाच्याकडून पाच चांदण्या टाकून घेणे आणि ‘फक्त 2 नग शिल्लक’ असे वर्षभर झळकवणे ही त्याचीच भावंडे.

हक्क मात्र एकाच बाजूला नसतात. पटाशी कोरड्या ग्राइंडरवर जोरात दाबली, की टोक तापून निळे पडते. पोलाद जवळपास 300 अंशांवर हा रंग दाखवते, आणि त्यासरशी पाण्याची करामत निघून जाते. धार टिकत नाही. असे पाते ‘पोलादच मऊ होते’ म्हणून परत येते. अनुभवी दुकानदाराला निळी कड पाहताच काय झाले ते कळते. त्याने अशा वेळी नम्रपणे नाही म्हणावे, आणि जमले तर फोनवर सांगावे की निळा भाग हळूहळू, पाण्यात बुडवत घासून काढला तर उरलेले पाते चांगलेच आहे. दुकान विश्वासाचे म्हणजे प्रत्येक तक्रारीला मान तुकवणारे, असा अर्थ काढू नये. घरपोच पैसे देण्याच्या बोलीवर मागवून दारातून पार्सल परत पाठवणारेही दुकानदाराचे नुकसानच करतात.

आता कुलपाकडे. पत्त्यापुढे छोटे कुलूप दिसले की दुकान खरे, असा समज पसरला आहे. ते कुलूप एवढेच सांगते की तुमच्या फोनपासून त्या दुकानापर्यंतचा रस्ता झाकलेला आहे. रस्त्याच्या टोकाला बसलेला माणूस कोण, हे ते सांगत नाही. खऱ्या दुकानाचे फोटो चोरून, निम्म्या भावाची पाटी लावून, फक्त यूपीआयने आगाऊ पैसे मागणाऱ्या बनावट साइट कुलूप लावूनच बसतात. सणासुदीला, म्हणजे ईदच्या आधी आणि दिवाळीतही, घाईत असलेले लोक त्यांना सापडतात. ‘रिफंडसाठी हा कोड स्कॅन करा’ हा त्यांचा आवडता डाव. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. गेलेच तर 1930 या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी, उशिराने वाट बंद होत जाते.

पण या कुलपाची दुसरी बाजू दुकानदाराच्या हातात आहे, आणि तिथे ‘अमानत’ हा शब्द येतो. नुबुवतीच्या आधीपासून मक्केत मुहम्मद (स.) यांना ‘अल-अमीन’, विश्वासू, म्हणत. विरोध पेटल्यावरही लोक मौल्यवान चीजवस्तू त्यांच्याकडेच ठेवत. मदिनेला निघताना त्यांनी हजरत अली यांना मागे ठेवले ते या ठेवी ज्याच्या त्याला परत करण्यासाठी. त्यात जिवावर उठलेल्यांच्याही ठेवी होत्या. आजच्या दुकानाकडे ठेव म्हणून गिऱ्हाइकाचे नाव, घरचा पत्ता, मोबाइल नंबर आणि काय विकत घेतले त्याची यादी असते. ती यादी असलेली एक्सेलची फाइल पार्सल बांधणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरते, तेव्हा अमानत फुटलेली असते; चोर यायची गरज राहत नाही.

कामे तशी साधी आहेत, फक्त ती रोज करावी लागतात. कार्डचा पूर्ण नंबर दुकानाने साठवायचाच नाही. 1 ऑक्टोबर 2022 पासून रिझर्व्ह बँकेचा नियमही तोच आहे. पैसे नामांकित पेमेंट गेटवेमधून घ्यायचे. साइटच्या चावीला पासवर्डबरोबर दुसरी पडताळणी लावायची. नोकरी सोडून गेलेल्याचे खाते त्याच दिवशी बंद करायचे. सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवायचे आणि सगळ्या नोंदींची एक प्रत निराळ्या जागी. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार साइटवर तक्रार अधिकाऱ्याचे नाव हवे, 48 तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण हवे, आयात मालाचा मूळ देशही लिहायला हवा. ‘जर्मन पोलाद’ असे मोठ्या अक्षरांत छापून मूळ देश बारीक अक्षरांत टाकणारे हे शेवटचे कलम वाचत नसावेत.

कुरआनात मापात मारणाऱ्यांवर एक स्वतंत्र सूरह आहे, ‘मुतफ्फिफीन’. त्याच सूरहमध्ये पुढे, माणसांच्या कमाईमुळे त्यांच्या हृदयांवर गंज चढल्याचा उल्लेख येतो. हत्यारे विकणाऱ्याला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही.

रमजानमध्ये बरेच मुस्लिम व्यापारी जकातीचा हिशेब करतात, तेव्हा हत्यारांच्या दुकानात एक गंमत दिसते. सुताराच्या पेटीतल्या पटाशीवर जकात नाही, कारण ते त्याच्या पोटाचे साधन आहे. तीच पटाशी दुकानाच्या फळीवर असली की ती संपत्ती ठरते. दुकानातला तराजू, बांधणीचे टेबल आणि संगणक सुटतात. विक्रीच्या मालाची आजची किंमत, हातातली रोकड आणि येणे बाकी धरून, देणी वजा करून, उरलेली रक्कम 612.36 ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी किंवा जास्त असेल, तर त्यावर अडीच टक्के. फळ्यांवरचा एकेक नग मोजावा लागतो. कोपरा उडालेले दगड आणि गंजाचा ठिपका पडलेली पाती तेव्हाच हाती लागतात. त्यांचा भाव आज जेवढा येईल तेवढाच वहीत धरायचा, आणि साइटवर त्यांचा फोटो काढताना उडालेला कोपरा कॅमेऱ्याकडे ठेवायचा.