गाडी का धरली?
(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिक अंकासाठी लेख मागायला आमचे मराठीचे सर वर्गात आले तेव्हा म्हणाले, "स्वतःला जे खरोखर माहीत आहे त्यावर लिहा." मी मोठ्या पेचात पडलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. कविता मला जमत नाही, आणि अर्थशास्त्रातले जे चार शब्द येतात ते सरांकडूनच उसने घेतलेले. राहता राहिली आमची मोटारसायकल. तिच्याविषयी गेल्या वर्षभरात जे कळले ते अजून नखांत काळे दिसते. तेव्हा कलाशाखेच्या या पानाला थोडा ग्रीसचा वास आला तर वाचकांनी क्षमा करावी.

गाडी म्हणजे यामाहा आरएक्स 100. आपल्याकडे ही गाडी 1985 पासून 1996 पर्यंत निघत होती, ती एस्कॉर्ट्स कंपनी बनवीत असे. आमची 1995 सालची. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, ती 2004 मध्ये जुनी घेतली. साखर कारखान्यात रात्रपाळी असे आणि रात्री अकराला एसटी नसे, एवढे साधे कारण. आज माझ्या वयाची मुले या गाडीवर जीव टाकतात. तिचा पिकअप, तिचा आवाज, यावर कॉलेजच्या पार्किंगमध्ये जी चर्चासत्रे झडतात तेवढी सभागृहातही होत नसतील! आबांना ते काही ठाऊक नाही. त्यांच्या लेखी ती ड्युटीला वेळेवर पोचवणारी गाडी. आता ते निवृत्त झाले आहेत आणि त्याच गाडीवरून मी रोज 22 किलोमीटर कॉलेजला येतो.

मागच्या फेब्रुवारीत मी ही गाडी धरवली. "धरली" म्हणजे चालत्या इंजिनात पिस्टन जाम होऊन बसला. ते का झाले हे सांगायचे तर आधी इंजिनाच्या पोटात शिरावे लागेल.

आरएक्सचे इंजिन टू-स्ट्रोक आहे. पिस्टनचा व्यास 50 मिलिमीटर आणि त्याची धावही 50 मिलिमीटर. दहावीच्या भूमितीतले वृत्तचितीचे सूत्र वापरून पाहा, उत्तर 98 घनसेंटिमीटर येते. म्हणजे पाणी पिण्याच्या पेल्याच्या निम्मी जागा. एवढ्याशा जागेतून 11 अश्वशक्ती निघते, ती मिनिटाला 7500 फेऱ्यांवर. फोर-स्ट्रोक गाडीत दर दोन फेऱ्यांना एकदा पेट्रोल पेटते, आमच्या इंजिनात दर फेरीला. हिशेब केला तर सेकंदाला 125 भडके. आता लक्षात येईल की ही गाडी एवढी चपळ का, आणि एवढी तापट का.

तिची दुसरी खोड तेलाची. फोर-स्ट्रोकमध्ये इंजिनाच्या तळाशी तेल साठवलेले असते आणि तेच फिरून फिरून वापरले जाते. टू-स्ट्रोकमध्ये तशी सोय नाही, कारण ताजे पेट्रोल आणि हवा आधी तळघरात येते आणि तिथून वर जाते. म्हणून तेल पेट्रोलबरोबरच आत सोडायचे, त्याने जाता जाता पिस्टन, रिंगा, बेअरिंगे ओली करायची आणि मग धूर होऊन निघून जायचे. तेल थांबले की पुढच्या क्षणापासून लोखंडावर लोखंड. यामाहाने 1964 मध्ये यासाठी ऑटोल्यूब नावाची युक्ती आणली. तेलाची टाकी वेगळी, इंजिनावर चालणारा छोटा पंप, आणि एक्सलरेटरच्या केबलची एक शाखा त्या पंपाला. जेवढी रेस, तेवढे तेल. (या कंपनीचे मूळ पुरुष तोराकुसू यामाहा यांनी 1887 मध्ये एका शाळेचा ऑर्गन दुरुस्त केला आणि त्यातून त्यांचा वाद्यांचा कारखाना उभा राहिला. गाडीच्या टाकीवरच्या खुणेत आजही तीन ट्यूनिंग फोर्क आहेत. हे वाचल्यापासून मला आमच्या भजनी मंडळातली पेटी आणि आरएक्स एकाच घराण्यातल्या वाटतात.)

आमच्या गाडीचा तो पंप कुणा मिस्त्रीने फार पूर्वी काढून टाकला होता. "पंपाची कटकट नको, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळा" हा सल्ला गावोगाव दिला जातो. एका लिटरला 20 मिलिलिटर हे चांगल्या तेलाचे ठरलेले प्रमाण. आबा इमानाने टोपणाने मोजून घालीत. पुढे ते टोपण हरवले आणि मी अंदाजाने ओतू लागलो.

एवढ्यावर भागले असते. पण मला गाडी "सुधारायची" होती. मित्र म्हणाले, एअर फिल्टरचा स्पंज काढ, इंजिनाला मोकळा श्वास मिळेल. सायलेन्सरच्या आतली जाळी काढ, आवाज फुटेल. दोन्ही कामे मी एका दुपारी उरकली. खर्च शून्य, आवाज असा की वेशीवरची कुत्री मागे लागावीत!

इथे माझी खरी चूक सांगितली पाहिजे. आबांना पूर्वी इंजिनाच्या आवाजातला बारीक फरकही कळायचा. दुसऱ्याच्या गाडीचा आवाज दारातून ऐकून "हिच्या क्लचप्लेटा गेल्यात" असे ते सांगत आणि ते खरे निघे. पण कारखान्यात मिलच्या शेजारी उभे राहून त्यांचे कान गेले आहेत, उजव्याने तर जवळजवळ ऐकूच येत नाही. म्हणून नवा आवाज त्यांच्या ध्यानात येणार नाही हे मला ठाऊक होते. त्या भरवशावरच मी जाळीला हात घातला.

फेब्रुवारीत धाकट्या बहिणीचा बारावीचा पेपर होता. तिला मागे बसवून निघालो. आमच्या वाटेत एक खिंड लागते. चढ मी पूर्ण रेसवर चढवला आणि उताराला एक्सलरेटर सोडून दिला. अर्ध्या उतारावर इंजिनातून घशाला कोरड पडल्यासारखा आवाज आला आणि मागचे चाक जागच्या जागी अडकले. अशा वेळी तत्क्षणी क्लच दाबायचा असतो, म्हणजे चाक मोकळे होते. मी दाबला, पण उशिरा. गाडी कडेच्या मुरुमावर आडवी झाली. बहिणीचे कोपर सोलपटले. मागून दुधाचा टेम्पो आला, त्यात बसून ती परीक्षेला गेली. जाताना एवढेच म्हणाली, "आबांना तूच सांग."

आता कारणे. फिल्टर काढल्याने हवा वाढली, पण कार्बोरेटरच्या जेटचे भोक तेवढेच राहिले, म्हणून पेट्रोल वाढले नाही. कमी पेट्रोलचे मिश्रण इंजिन अधिक तापवते. सायलेन्सरची गोष्ट तशीच. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर केवळ आवाज दाबायला नसतो. त्याच्या आकारामुळे धुराची लाट परतते आणि बाहेर सांडू पाहणारे ताजे मिश्रण आत ढकलते. तिथे हात घातला की कार्बोरेटरचा जुना मेळ बिघडतो. त्यात पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला 9 किलोच पुरते. म्हणजे 1995 च्या जेटमधून आजचे पेट्रोल गेले तर हवा आपोआप जास्त होते. ज्या उसावर आमचे घर चालले त्याच उसाने आमच्या इंजिनाला तहान लावावी, हा योगायोग मला अर्थशास्त्राच्या तासालाही आठवतो.

शेवटचा घाव उताराचा. पेट्रोलमध्येच तेल मिसळलेले असले की एक्सलरेटर सोडताच पेट्रोलबरोबर तेलही जवळजवळ बंद होते. चाक मात्र उतारामुळे इंजिनाला फिरवतच राहते. पंप असता तर त्याने थोडे तरी तेल दिलेच असते. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि तो ज्या नळीत फिरतो तिचे अस्तर बिडाचे. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट फुगते. दोघांमधली फट केसाहून बारीक. ती संपली आणि गाडी धरली.

आबांना मी दोन दिवस "आपोआप बंद पडली" एवढेच सांगितले. तिसऱ्या दिवशी त्यांनी अंगणात पोते अंथरले, हेड खोलले, ब्लॉक वर उचलला. पिस्टनवर धुराच्या तोंडाच्या बाजूला उभे ओरखडे होते, नांगरल्यासारखे. त्यांनी ते अंगठ्याने चाचपले, मग फिल्टरचा डबा उघडला. तो रिकामा. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पलंगाखालच्या पेटीतनं स्पंज आण. आन् सायलेन्सरची जाळी बी तितंच आसंल, ती बी आण."

दुसरे काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

पुढचा महिनाभर दुरुस्ती चालली. ब्लॉक घेऊन आम्ही कोल्हापूरला उद्यमनगरात गेलो. पिस्टन 0.25, 0.50, 0.75 आणि 1.00 मिलिमीटर अशा चार वाढीव मापांत मिळतात. आमच्या ब्लॉकचे एक बोअरिंग आधीच झालेले, म्हणून 0.50 चा घेतला. पिस्टन आधी विकत घ्यायचा आणि त्याच्या मापाने बोअर करायचा, उलटे कधीच नाही, ही लेथवाल्याची पहिली अट. बसवण्याचे काम घरी केले. पिस्टनवरचा बाण धुराच्या तोंडाकडे. रिंगेच्या खाचेत एक बारीक खुंटी असते, रिंगेची दोन्ही टोके त्या खुंटीपाशीच आली पाहिजेत, नाहीतर टोक ब्लॉकमधल्या खिडकीत अडकून मोडते. पिनेची क्लिप लावताना खाली क्रँकच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबायचे. मी ते विसरलो, क्लिप हातातून उडाली आणि आत पडल्याच्या भीतीने माझा श्वासच थांबला. अर्ध्या तासाने ती तुळशीच्या कट्ट्यापाशी सापडली.

धुराच्या तोंडातली काजळी आम्ही बांबूच्या बोथट कामटीने खरवडली. स्क्रू-ड्रायव्हरने तिथे चरे पडतात. कार्बोरेटर आणि इंजिन यांमधला रबरी जोड चिरलेला निघाला. अशा चिरेतूनही चोरटी हवा आत जाते, आणि नवा जोड फार महाग नसतो. पेट्रोलची नळी बदलली, कारण इथेनॉल जुने रबर नरम करते आणि पाणीही ओढून घेते. म्हणून सुटीत गाडी महिनाभर उभी करायची असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा. टाकीचा गंज चिंचेच्या कोळाने काढला. आई देवाची भांडी घासते तोच उपाय, फक्त आत मूठभर नट टाकून टाकी हलवायची, मग सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच उन्हात वाळवायची. हे सगळे उघड्यावर आणि चुलीपासून दूर.

पंप जुन्या बाजारात मिळाला. तो बसवताना आतली हवा काढावी लागते, हवेचा बुडबुडा नळीत राहिला तर तेल येतच नाही. केबलचा ढिलेपणा काढल्यावर पुलीवरची खूण पिनेसमोर आली पाहिजे. हे मी इंग्रजी पुस्तिकेतून शब्दकोश घेऊन वाचत होतो आणि आबा हाताने करीत होते. सातवी शिकलेल्या माणसाला मी एक वाक्य वाचून दाखवावे आणि त्याने "व्हय, बरोबर हाय" असे म्हणावे, यात कोण कुणाला शिकवीत होते ते मला सांगता येत नाही. मेन जेट एक नंबर मोठा घातला. इंजिनात नवे म्हणावे असे एवढेच. बाकी सगळे 1995 साली कारखान्यातून जसे निघाले तसे परत नेले.

मित्र अजून मोठा ब्लॉक, उघडा सायलेन्सर सुचवतात. परवान्याच्या कागदावर गाडीची जी मूळ रचना आहे ती बदलता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये स्पष्ट केले आहे, हा एक भाग. पण मला विचाराल तर पैसे घालायचेच असतील तर ते थांबण्यावर घालावेत. या गाडीला दोन्हीकडे ड्रम ब्रेक आहेत. नवे लायनर, नवी केबल, ब्रेकचा कॅम काढून ग्रीस, एवढ्याने गाडी कितीतरी आधी थांबू लागली. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. आमच्या मागच्या टायरचे वर्ष वाचले तेव्हा मी आठवीत होतो असा हिशेब निघाला. तोही बदलला.

पहिल्या दिवशी किक मारली तेव्हा आबांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनावर ठेवले आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवली. हाडातून त्यांना अजून ऐकू येते. बराच वेळ ते तसेच वाकून उभे होते. मग म्हणाले, "पाचशे किलोमीटर हळू चालीव."

आता 430 झाले आहेत. परवा प्लग काढून पाहिला. पांढरा असला तर पेट्रोल कमी, काळा ओला असला तर जास्त. आमचा चॉकलेटी होता. आबांना दाखवला. त्यांनी तो उन्हात धरून फिरवला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत लावायला माझ्या हातात दिला.