परसांतील पेरणीचा मुहूर्त

संक्रांतीचा तिळगूळ संपला कीं ठाणें, डोंबिवली व कल्याण येथील पुष्कळ घरांत एक जुना प्रश्न नव्यानें उभा राहतो : उन्हाळी भाजीचें बीं कोणत्या दिवशीं मातींत घालावें? परसाची जागा आतां बहुधा गच्चीनें व सज्जानें घेतली आहे. परंतु भेंडी, काकडी, दुधी यांना त्याचें सोयरसुतक नाहीं. वाफा असो वा कुंडी, बियाला ऊब हवी, आणि ती वेळेवर हवी.

इंग्लंडसारख्या देशांत वसंतारंभींही रात्रीं जमीन गोठते. ती भीति सरल्यावांचून तेथें कोणी कोंवळें रोप उघड्यावर लावीत नाहीं. आपल्याकडे पाणी गोठत नाहीं हें खरें. तथापि पौषांतील गार रात्री आपलें काम करितातच. भेंडी, काकडी व दुधी हीं उष्ण प्रकृतीचीं पिकें होत. माती सुमारें २० अंश सेल्सिअसच्या खालीं असली म्हणजे त्यांचें बीं सुस्तावतें, आणि वर पाणी अधिक झालें तर उगवण्याऐवजीं कुजतें.

ही झाली अलीकडची मर्यादा. पलीकडची मर्यादा पावसाची. मुंबईच्या बाजूस पाऊस सरासरीनें ११ जूनच्या सुमारास येतो. भेंडीची पहिली तोड पेरल्यापासून सुमारें दीड महिन्यानें मिळते. दुधीस दोन महिने लागतात. मार्च संपतां संपतां पेरलेला दुधी मेअखेर फळूं लागणार, आणि दोन आठवड्यांत त्यावर पाऊस कोसळणार! शिवाय त्याचें बाल्य ऐन कडक उन्हांत जाणार, म्हणजे जेव्हां घरांत पिण्याचें पाणीही जपून वापरावें लागतें, तेव्हां वेलाला तें सर्वांत अधिक लागणार. मुहूर्त चुकल्याची किंमत ती ही.

घरांतील वडील मंडळी या कामीं वसंतपंचमीचा दाखला देतात. नांवांतच वसंत आहे, तेव्हां तें स्वाभाविकच आहे. परंतु ही तिथि पाहा : २०२३ सालीं ती २६ जानेवारीस आली, तर २०२४ सालीं १४ फेब्रुवारीस. एकोणीस दिवसांचें अंतर! “होळी जळाली, थंडी पळाली” या म्हणीचीही तीच गत. होळी त्या दोन वर्षीं अनुक्रमें ६ व २४ मार्च रोजीं होती. कारण उघड आहे. बारा चांद्रमास सुमारें ३५४ दिवसांत पुरे होतात. त्यामुळें तिथि दरसाल अकरा दिवस मागें सरते, आणि अधिकमास आला कीं एकदम पुढें उडी घेते. २०२३ सालीं श्रावण अधिक होता. माती मात्र चंद्रानें तापत नाहीं, सूर्यानें तापते.

यावर कोणी म्हणेल, मग पूर्वजांचें पंचांग खोटें काय? मुळींच नाहीं. आपला शेतकरी भाताची पेरणी कोणत्या खुणेनें करितो? मृगानें. मृग नक्षत्र म्हणजे सूर्य त्या नक्षत्रीं येणें, आणि तें दरसाल ७ किंवा ८ जून रोजींच लागतें. म्हणजे व्रतवैकल्यांना चंद्र आणि शेतीला सूर्य, अशी वांटणी पूर्वजांनींच करून ठेविली आहे. तोच न्याय उन्हाळी भाजीस लावावा. संक्रांतीनंतर सुमारें दहा दिवसांनीं सूर्य श्रवण नक्षत्रीं येतो आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यांत धनिष्ठेंत जातो. या दोन नक्षत्रांचा काळ आपल्या भाजीस उत्तम. १९५७ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेचा सौर माघही २१ जानेवारी ते १९ फेब्रुवारी असाच आहे.

तरीही शेवटचा शब्द मातीचा. ठाण्याच्या खाडीपासून कल्याण-बदलापूरकडे जावें तसतशी पहांट अधिक गार होते. तिकडे आठवडाभर थांबलेलें बरें. सकाळीं मातींत बोट पेरभर खुपसून पाहावें. ती गारठलेली लागली तर धीर धरावा. भेंडीचें बीं रात्रभर भिजवून तेवढ्याच खोल पेरावें, आणि सर्व बीं एकदम न संपवितां अर्धें दहा दिवसांनीं पेरावें. म्हणजे अवेळीं थंडी परतली तरी हंगाम हातचा जात नाहीं.

आणखी एक सूचना. इंग्लंडांत रॉबर्ट मार्शम या गृहस्थानें १७३६ पासून वसंताच्या खुणा टिपण्यास आरंभ केला, व पुढें त्याच्या वंशजांनीं तें काम पिढ्यान्‌पिढ्या चालविलें. आपल्या एकत्र कुटुंबांस हें कठीण कां असावें? आंब्याला मोहोर केव्हां आला, सांवर व पळस केव्हां फुलले, बीं कधीं पेरलें, कितव्या दिवशीं उगवलें, एवढें भिंतीवरील दिनदर्शिकेंत मुलांकडून लिहवून घ्यावें आणि वर्ष संपल्यावर तें पान जपून ठेवावें. दहा वर्षांनीं त्या घरापाशीं असें एक पंचांग होईल कीं, जें बाजारांत विकत मिळावयाचें नाहीं. आजीनें वसंतपंचमीस सरस्वतीपूजन अवश्य करावें. नातवानें त्या दिवशीं बोट मातींत घालून मगच बियाची पुडी उघडावी.