क्षार, केस आणि घड्याळ

अमेरिकेतील कृष्णवर्णीय कुटुंबांच्या न्हाणीघरांत पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसलेले, आणि आता परदेशातून येणाऱ्या नातलगांच्या सामानातून किंवा घरपोच माल धाडणाऱ्या दुकानांमार्फत अधूनमधून आपल्याकडेही अवतरणारे, केस सरळ करणाऱ्या ‘रिलॅक्सर’ मलमाचे खोके पाहिले, तर त्यावर ‘नो लाय’, म्हणजे यात कॉस्टिक सोडा नाही, असे आश्वासन ठळक अक्षरांत छापलेले पुष्कळदा आढळते. आणि हे आश्वासन अक्षरशः खरे असले, तरी त्यामुळे वाचणारीच्या मनात निर्धास्तपणाची जी भावना उत्पन्न होते तिला कसलाही आधार नसतो. कॉस्टिक सोड्याच्या जागी त्या मलमात असते कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे पानाच्या डब्यातला आपला चुना. त्यात ऐन वेळी ग्वानिडिन कार्बोनेटचे द्रावण कालवले, की दोहोंच्या संयोगातून ग्वानिडिन हायड्रॉक्साइड नावाचा तीव्र क्षार तयार होतो, आणि केस सरळ करण्याची कामगिरी तो पार पाडतो. विड्यात चुना अंमळ अधिक पडला तर जीभ कशी सोलवटते याचा अनुभव ज्यांना आहे, आणि चुन्याची पुडी दाबताना फुटून लहान मुलांचे डोळे दुखावल्याच्या हकिगती ज्यांनी नेत्रवैद्यांकडून ऐकल्या आहेत, त्यांना या आश्वासनाची किंमत निराळी समजावून सांगायला नको.

हा उद्योग घरी करावा काय, असे कोणी विचारले तर माझे मत प्रतिकूल आहे. तथापि ‘करू नका’ एवढा हुकूम सोडून मोकळ्या होणाऱ्या लेखकाचे कोणी ऐकत नाही, आणि न ऐकणारीला मग खोक्यातील बारीक टाइपाच्या चिठ्ठीखेरीज दुसरा वाटाड्या राहत नाही. म्हणून जे करायचेच ठरले आहे ते निदान काय आहे हे समजून करावे, एवढ्यासाठी हा प्रपंच.

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो, आणि त्या प्रथिनाच्या लांबच लांब साखळ्या परस्परांशी नाना प्रकारच्या बंधांनी जखडलेल्या असतात. त्यांतील हायड्रोजनचे बंध इतके दुबळे, की न्हाताना ते सुटतात आणि केस वाळताना पुन्हा जुळतात; ओले केस ताणून वाळवले असता जो सरळपणा येतो तो पुढच्या न्हाण्याला टिकत नाही याचे कारण हेच. गंधकाच्या दोन अणूंनी साधलेला बंध मात्र पाण्याला दाद देत नाही, आणि कुरळ्या केसाचे वळण कायम राखण्यात त्याचा वाटा मोठा असतो. तीव्र क्षार या दोन अणूंपैकी एक काढून घेतो आणि मागे एकाच गंधकाचा असा नवा बंध उरतो, की जो पुन्हा पूर्वस्थितीला नेता येत नाही. शालेय पुस्तकांत ज्याला ‘सामू’ म्हणतात त्या मापाने बोलायचे, तर निरोगी केसाचा व त्वचेचा पृष्ठभाग ५ च्या आसपास, किंचित आम्लधर्मी, आणि हे मलम १२ ते १४ च्या दरम्यान. शिवाय या मापातील प्रत्येक पायरी दसपटीची असल्यामुळे ५ आणि १३ यांमधील अंतर दहा कोटी पटींचे होते. त्वचेचा वरचा थरही केराटिनचाच असल्याने केस कोठे संपला आणि टाळू कोठे सुरू झाली याचा विवेक क्षाराला नसतो, आणि काम पुरे झाले म्हणून तो आपण होऊन थांबतही नाही. त्याला थांबविण्याची साधने दोनच, घड्याळ आणि पाणी. घरी होणारे बहुतेक अपघात मला तरी या दोहोंच्या हयगयीतून झालेले दिसतात.

या विद्येचा इतिहास अमेरिकेतील वर्णभेदाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, कारण नोकरी, समाजातील स्थान आणि ‘नीटनेटकेपणा’ यांची मोजमापे गोऱ्यांच्या केसांवरून ठरविली जात असता सरळ केसांची ओढ ही केवळ नटण्यामुरडण्याची हौस राहिली नव्हती. क्लीव्हलंडमध्ये शिलाईयंत्रे दुरुस्त करणारा गॅरेट मॉर्गन, जो पुढे धुरात वापरायचा संरक्षक टोप आणि रहदारीचा सिग्नल यांच्या पेटंटांमुळे प्रसिद्धीस आला, तो सुईच्या घर्षणाने लोकरीचे कापड करपू नये म्हणून एक द्रावण तयार करीत असता त्या द्रावणाने कापडाचे तंतू सरळ झालेले त्याला दिसले. मग ते त्याने शेजाऱ्याच्या कुत्र्यावर आणि नंतर स्वतःच्या केसांवर वापरून पाहिले, अशी कथा सांगतात, आणि १९१३ च्या सुमारास त्याने या मलमाची कंपनी काढली, हे नक्की. पुढच्या पिढीत तरुण पुरुषांमध्ये ‘कॉन्क’ नावाची केशरचना बोकाळली. कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांच्या १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात कॉस्टिक सोडा, बटाटे आणि अंडी एकत्र घोटून मित्राकडून आपले केस कसे सरळ करून घेतले, आणि डोके पेटल्यासारखी आग कशी सोसली, याचे वर्णन आहे. एवढी वेदना ज्याच्यासाठी पत्करली तो आत्मावमानाचा प्रकार होता, असा निष्कर्षही त्यांनी तेथेच नोंदविला आहे. १९५४ मध्ये शिकागोत जॉर्ज जॉन्सन यांनी स्थापन केलेल्या कंपनीने हा धंदा नाभिताच्या दुकानातून कारखान्यात आणला. सत्तरीच्या दशकाच्या मध्यास तेथील व्यापार आयोगाने त्यांच्या मालावर कॉस्टिकचा धोका छापण्याची सक्ती केली, परंतु गोऱ्या मालकीच्या प्रतिस्पर्धी कंपनीला तोच हुकूम पुष्कळ उशिरा लागू झाला. तोपर्यंत एकाच प्रकारच्या दोन डब्यांपैकी इशारा एकावरच झळकत होता, आणि बाजाराने त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. १९९४ मध्ये तर ‘रिओ’ नावाचे, ब्राझीलच्या अरण्यातील वनस्पतींचे म्हणून दूरचित्रवाणीवर गाजविलेले एक मलम निघाले, आणि शेकडो बायकांचे केस मुळासकट तुटल्याच्या व काहींचे चक्क हिरवे झाल्याच्या तक्रारींचा पाऊस पडल्यावर तेथील अन्न व औषध प्रशासनाला ते वापरू नका असा जाहीर इशारा द्यावा लागला. ‘नैसर्गिक’ हा शिक्का दिसला की सावधपणा दुप्पट करावा, असे मी तेव्हापासूनच्या दाखल्यांवरून मानतो.

आता प्रत्यक्ष कृती. पहिली तजवीज मलमाची नव्हे, पाण्याची. ज्या गावांत किंवा चाळींत नळाला पाणी ठरावीक वेळेलाच येते तेथे पिंप आणि बादल्या भरून ठेवल्याखेरीज खोके उघडूही नये, कारण मलम लावून झाल्यावर नळाने उसासा टाकला तर पुढची गोष्ट सांगण्याजोगी राहत नाही. मलम कालवण्यासाठी काचेचे किंवा प्लॅस्टिकचे भांडे घ्यावे. आपल्या स्वयंपाकघरातील अॅल्युमिनियमचे पातेले मुळीच नको, कारण तीव्र क्षार ते खाऊ लागतो. ‘गुड हेअर’ या २००९ च्या माहितीपटात कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बुडविलेले शीतपेयाचे डबे कसे झिजत जातात ते एका रसायनशास्त्रज्ञाने दाखविले आहे, ते अवश्य पाहावे. एकदा कालविलेले मलम त्याच दिवशी वापरून उरलेले टाकून द्यावे. काटकसरीची सवय येथे कामाची नाही.

मलम लावण्याआधीचे दोन-तीन दिवस न्हाऊ नये, डोके खाजवू नये, दाताळ फणीने टाळू ओरबाडू नये. टाळूवर साचलेला तेलकट थर हे क्षाराविरुद्धचे पहिले कवच असते, आणि खाजवल्याने पडलेला, डोळ्यांना न दिसणारा ओरखडा हे त्याचे प्रवेशद्वार. डोक्यावर फोड, जखम किंवा खवले असतील तर बेत रहित करावा. गरोदर स्त्रीने ही वाट धरूच नये, आणि आयांनी लहान मुलींनाही तिच्यावर नेऊ नये. केसांवर आधी काय काय झाले आहे याची झडती घेणे तितकेच अगत्याचे: धातूचे क्षार मिसळलेली बाजारी मेंदी, ब्लीच, आणि विशेषतः आपल्याकडील पार्लरांत ‘रिबाँडिंग’ किंवा ‘स्ट्रेटनिंग’ या नावांनी होणारे उपचार. हे उपचार बहुधा थायोग्लायकोलेटवर चालतात आणि त्यांचा शेवट हायड्रोजन पेरॉक्साइडने होतो. हायड्रॉक्साइडच्या रिलॅक्सरशी त्यांचे मुळीच जमत नाही. अंगावरील केस काढून टाकण्याच्या मलमांत थायोग्लायकोलेट आणि तीव्र क्षार हीच जोडी नांदत असते, हे ध्यानात घेतले म्हणजे एका उपचारातून गेलेल्या केसांवर दुसरा लादला असता झुपकेच्या झुपके हातात का येतात, याचे नवल वाटत नाही. शंका असेल तर, आणि नसली तरीही, मागच्या बाजूची एक बारीक बट घेऊन तिच्यावर पुरी कृती करून पाहावी आणि दुसऱ्या दिवशी ती ताणून तुटते काय हे पाहूनच पुढे जावे. जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी: ही मलमे मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या अतिकुरळ्या केसांसाठी सिद्ध केलेली आहेत, आणि आपल्याकडच्या नुसत्या लाटेदार केसांना त्यांची जरुरीच नसते, कुरळे असतील तरी ‘सौम्य’ प्रतीपलीकडे हात घालू नये.

कपाळावरील केसांची रेषा, कान, मान आणि भांग पाडून दिसणारी टाळू यांवर पेट्रोलियम जेलीचा जाड लेप द्यावा, हातमोजे घालावे, आणि डोक्याचे चार भाग करून मागून पुढे यावे, कारण कपाळाजवळचे केस नाजूक असल्याने त्यांची पाळी शेवटी. मलम टाळूपासून किंचित दूर ठेवून फक्त नव्याने उगवलेल्या केसांवर लावायचे असते, आणि हा नियम मोडणे म्हणजे केसांच्या जिवावर उठणे. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात; तेव्हा दोन-अडीच महिन्यांनी जो नवा पट्टा येतो तेवढाच या वेळचा मामला, त्याच्या पुढचा भाग मागल्या खेपेस क्षारातून गेलेला असल्यामुळे त्याला कंडिशनर किंवा तेल लावून अलग राखावे. हे सर्व स्वतःच्या डोक्याच्या मागच्या बाजूला, आरशात उलटे पाहत, एकटीने साधेल असे मानणे हा भ्रम आहे. बहीण, नणंद, मैत्रीण, कोणीतरी शेजारी हवी, आणि तिच्या हाती घड्याळही असावे.

मुदत खोक्यावर लिहिलेली असते, बहुधा १५ ते २० मिनिटांच्या आत, आणि ती पहिला ठिपका लागल्यापासून मोजायची, शेवटचा लागल्यापासून नव्हे. या मुदतीच्या आत टाळूची आग होऊ लागली तर, केस अर्धेच सरळ झालेले असले तरीही, तत्क्षणी धुवावे. आग होते म्हणजे औषध लागू पडले, ही जी समजूत तिकडे आजीकडून नातीकडे वारसाहक्काने गेली तिने किती टाळू भाजल्या असतील! केस गुळगुळीत करताना फणीने ओढू नये, कारण या अवस्थेत केस अत्यंत दुबळा झालेला असतो. मोजा घातलेल्या बोटांनी हलकेच सपाट करावे.

धुणे कोमट पाण्याने, आणि भरपूर. त्यानंतर खोक्यातीलच आम्लधर्मी शाम्पू; पार्लरच्या उपचारातील पेरॉक्साइड येथे चालत नाही. पुष्कळ शाम्पूंत रंग पालटणारे द्रव्य घातलेले असते, आणि केसांत क्षार उरला असेल तोवर फेस गुलाबी दिसतो. हळदीला चुना लागला की ती कुंकवासारखी लाल होते, तसाच हा प्रकार. फेस पांढराशुभ्र येईपर्यंत पुनःपुन्हा धुवावे, आणि कानांमागे व मानेवर बोट फिरवून पाहावे, कारण क्षार दडून बसण्याच्या जागा त्याच. चुन्याच्या मलमाने केसांवर कॅल्शियमचा थर साचून ते राठ होतात, आणि ज्या भागांत बोअरचे जड पाणी आहे तेथे ही अडचण वाढते; मधूनमधून हा थर सोडविणारा शाम्पू वापरणे एवढाच तिच्यावर उपाय. केस रंगविणे निदान दोन आठवडे लांबणीवर टाकावे.

या खटाटोपाला कंटाळून जी मंडळी पार्लरातील ‘केराटिन’ किंवा ‘स्मूदनिंग’कडे वळतात त्यांनाही इशारा द्यायला हवा. अशा कित्येक द्रवांतून तापविताना फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. आणि तो टाळण्यासाठी आणलेल्या ग्लायऑक्सिलिक आम्लाचा संबंध मूत्रपिंडाच्या इजेशी असल्याचे इस्राएलमध्ये आढळले, व २०२४ साली वैद्यकाच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात तसा एक रुग्णवृत्तांतही आला. रिलॅक्सर वगैरे सरळीकरणाच्या द्रव्यांबाबत अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेने २०२२ मध्ये ३३,४९७ स्त्रियांच्या सुमारे ११ वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले: अशी द्रव्ये न वापरणाऱ्यांत ७० व्या वर्षापर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण अंदाजे १.६४ टक्के, तर वर्षात चारांहून अधिक वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. अशा पाहणीने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, आणि रोग एकंदरीत विरळच. परंतु खेपांमधील अंतर वाढविण्यास एवढा दाखला पुरेसा आहे असे मला वाटते.

मलम डोळ्यात गेले तर मिनिटाचाही विचार न करता वाहत्या पाण्याखाली पापण्या उघड्या धरून निदान १५ ते २० मिनिटे डोळा धुवावा आणि मगच वाहन बोलवावे. क्षार आम्लाने मारावा म्हणून व्हिनेगर किंवा लिंबू पिळण्याचे शहाणपण कोणी सुचविले तर त्याला खोलीबाहेर घालवावे. टाळूवर फोड आले, पाणी सुटू लागले किंवा केस मुळापासून निसटू लागले तर तेल, हळद, कोरफड असले घरगुती लेप न लावता त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे, आणि जाताना रिकामे खोके सोबत न्यावे, कारण आत नेमका कोणता क्षार होता हे डॉक्टरला त्यावरूनच कळणार.